आठ पूर्णांक दोन

डँडेनॉन्ग, मेलबर्न
१२ ऑक्टोबर २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र का लिहिते आहे ते आधी सांगते, नाहीतर पाकीट पाहूनच घाबरशील. रविवारच्या फोनवर सांगलीहून आई असते. ती असली की तू फक्त विनोद करतोस आणि मी फक्त काय शिजवले ते सांगते. तीन देश एका लाइनवर येतात आणि कोणती भाजी केली यावर बोलणे संपते. शिवाय मला जे हवे आहे ते कागदावरच येऊ शकते.

युनिव्हर्सिटीत या वर्षी एका चालू रेफ्रिजरेशन प्लांटचा अभ्यास करायचा आहे. वर्गातल्या बहुतेकांनी सुपरमार्केट घेतले. मी सरांना सांगितले की माझा भाऊ नॉर्वेत आइस हॉकीच्या हॉलचा प्लांट चालवतो. ते खूश झाले आणि त्यांनी विचारले की तो वरच्या लीगचा क्लब आहे का. मी म्हटले, दुसऱ्या. ते म्हणाले, नो वरीज, बर्फ तोच. तरी ऑगस्टपासूनच्या लॉगशीटच्या प्रती पाठव. सगळे रकाने हवेत. स्वच्छ कॉपी नको, हाताचे डाग असतील तर तशाच पाठव.

घर ठीक आहे. चार मुली, दोन खोल्या, एक बाथरूम. अंजू नावाची नाशिकची मुलगी आहे, फिजिक्समध्ये बी.एस्सी. पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहू देणाऱ्या व्यवसायांच्या, यादीत केशकर्तन आहे म्हणून ती केस कापायचा कोर्स करते आणि घरी आमच्यावर सराव करते. माझ्या केसांची डावी बाजू उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर लांब आहे. मी मोजून दाखवले तर ती म्हणाली, तुझ्याशी लग्न करणाऱ्याने आधी फूटपट्टी घेऊन यावे.

आठवड्यातून तीन दिवस कोल्ड स्टोअरमध्ये काम असते. आत उणे वीस, त्यामुळे तुझ्या देशात राहिल्यासारखेच.

तब्येत सांभाळ. माझ्यावर लोभ आहे असे धरून चालते. फरक पडला तर कळव.

तुझी,
चारुता

~

क्वेर्नडाल
२६ ऑक्टोबर २००८

चि. चारूस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं, मग प्लांट रूममध्ये बसून. बाबा गेल्यानंतर मला कुणी हातानं पत्र लिहिलं नव्हतं. त्यात फूटपट्टी निघाली, म्हणजे ते तुझंच आहे यात शंका नाही.

शीट सोबत जोडल्या आहेत. तुझ्या सरांना आमचा क्लब नीट सांग. आम्ही ज्या लीगमध्ये खेळतो तिचं नाव ‘पहिला विभाग’, पण तिच्या डोक्यावर आणखी एक लीग आहे, म्हणजे खरा नंबर दुसरा. वर्तमानपत्रात आमचा निकाल टेबल टेनिसच्या शेजारी येतो. आमचा गोलकीपर शाळेत गणित शिकवतो, कॅप्टन प्लंबर आहे. मागच्या महिन्यात ग्योविकला गेलो होतो. तिथला हॉल डोंगराच्या पोटात आहे, खडक फोडून ऑलिंपिकसाठी केलेला. आमच्या पोरांनी कपडे बदलले तोवर मी त्यांचा प्लांट बघत होतो. एखाद्यानं ताजमहाल बघावा तसा.

आमचा हॉल म्हणजे लाकडी कमानींचं गोदाम समज. सातशे माणसांची बाकं, एक कॉफीची खिडकी. दारात क्लबचा अध्यक्ष ओड्वार तिकिटं फाडतो. तो पोस्टातून निवृत्त झालाय, म्हणून तिकिटावरही शिक्का मारतो. प्लांट १९७८ चा. अमोनिया मिठाच्या पाण्याला थंड करतो, ते पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरतं आणि वर बर्फ धरतो. एवढंच. माझ्या हुद्द्याला इथे ‘इसमेस्तर’ म्हणतात, म्हणजे बर्फाचा उस्ताद. आईनं सांगलीत सांगितलंय की निनाद नॉर्वेत मास्तर आहे. लोक विचारतात, कोणता विषय.

यंदा टीम चांगली आहे, चारू. तेरा सामन्यांत नऊ जिंकले. पहिल्या दोनात राहिलो तर मार्चमध्ये वरच्या लीगसाठी पात्रता सामने. क्लबला असं एकोणतीस वर्षांत झालेलं नाही. एकच चिंता आहे. पालिकेनं लेखी सांगितलंय की प्लांट बंद पडला तर दुरुस्तीला पैसे नाहीत, हॉल पाडून गाड्या लावायला जागा करू. म्हणून मी त्याला म्हाताऱ्या बैलासारखा सांभाळतो. सप्टेंबरपासून दोन सिलिंडर अमोनिया भरला, जरा खातो, पण चालतो.

केस वाढू दे. पुढच्या पत्रात मोजमाप कळव.

तुझ्यावर माया आहे, ती मोजू नकोस.

तुझा,
निनाददादा

~

डँडेनॉन्ग
२३ नोव्हेंबर २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शीट मिळाल्या. तीन दिवस त्यांच्यावर काम केले. आता मी जे विचारणार आहे त्याचे उत्तर विनोदात देऊ नकोस.

दोन सिलिंडर म्हणजे सुमारे नव्वद किलो अमोनिया. तो गेला कुठे? खोलीत गळला असता तर तू त्या खोलीत उभा राहू शकला नसतास. त्याचा वास शंभर ग्रॅमलाही कळतो. छतावरच्या कंडेन्सरमधून गेला असता तर पार्किंगमधल्या लोकांनी तक्रार केली असती. उरते एकच जागा. चिलरच्या, म्हणजे जिथे अमोनिया पाण्याला थंड करतो त्या भांड्याच्या, आतल्या नळ्यांना भोके पडली आहेत आणि अमोनिया मिठाच्या पाण्यात जातो आहे.

तसे असेल तर पाण्याचा पीएच चढायला हवा. अमोनिया पाण्यात गेला की पीएच चढतोच, याला अपवाद नाही. तुझ्या शीटवर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पीएच ८.२ आहे. दुसऱ्या आठवड्यात ८.२. ऑक्टोबरच्या शेवटी ८.२. एकदा ८.३ आहे, आणि तोच आकडा मला सगळ्यात वाईट वाटला. तो कुणीतरी खरे वाटावे म्हणून घातलेला आहे.

दादा, हे कोण करते ते मला माहीत आहे, कारण मला ते तूच शिकवलेस. पॉलिटेक्निकला असताना सबमिशनच्या आदल्या दिवशी तू पलंगावर जर्नल घेऊन बसायचास. उत्तर काय यायला हवे ते आधी लिहायचास आणि मग मागे मागे जात रीडिंग काढायचास. म्हणायचास की सगळी सारखी आली तर मास्तरला संशय येतो, मधे एखादे चुकीचे टाकावे. आपल्याकडे सगळेच रीडिंग मॅनेज करतात, कुणाला काही वाटत नाही. मीही पहिल्या वर्षी केले. व्हायवाला बाईंनी मला तोच प्रयोग त्यांच्यासमोर पुन्हा करायला लावला. त्यानंतर केले नाही.

धोका तुला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे मी लिहिले नाही असे होणार नाही. नळी एकदम फुटली तर दाबाखालचा अमोनिया पाण्याच्या टाकीतून बाहेर पडेल. टाकी तुझ्या खोलीत आहे. तू शीटसोबत पाठवलेल्या हॉलच्या नकाशाप्रमाणे तुझ्या खोलीला लागून खेळाडूंची कपडे बदलायची खोली आहे. संध्याकाळी पाच ते सात तिथे दहा वर्षांच्या मुलींचा संघ असतो, हे तूच फोनवर सांगितले आहेस.

पीएच मोज आणि आकडा कळव.

आकडा येईपर्यंत लोभ राखून ठेवते.

तुझी,
चारुता

~

क्वेर्नडाल
१० डिसेंबर २००८

चि. चारूस,
अनेक आशीर्वाद.

तू चिडलीस की तुझं अक्षर जास्त सुंदर येतं. लहानपणापासून असंच आहे.

खरं सांगतो. पीएच मीटर सप्टेंबरात बंद पडला. नवा मागवायचा तर पालिकेला पत्र टाकावं लागतं, आणि पत्र टाकलं की तिथला माणूस विचारतो, मीटर का हवा, काही शंका आहे का. शंका आहे असं कोण लिहून देईल? वसंतात ८.२ होता म्हणून ८.२ लिहीत गेलो. ८.३ तू पकडलास ते बरोबर. मी तो हसत लिहिला होता.

पण बाकीचं तू फार पुढे नेतेस. असे चिलर वर्षानुवर्षं थोडं थोडं गळत चालतात. बोटीवर मी एक पाहिलाय, मुंबई ते सँतोस आणि परत, गळत गळत. मी रोज टाकीपाशी जाऊन वास घेतो. मुलींच्या सरावाच्या वेळी प्लांट रूममधून हलत नाही. पंखा लावलाय.

सध्या दुसऱ्या नंबरवर आहोत. परवा पाचशे चाळीस लोक आले. बेकरीवाला ब्रेडच्या पिशवीवर पुढच्या सामन्याची तारीख लिहितो. मी बर्फ गुळगुळीत करायचं मशीन घेऊन उतरलो की बाकांवरून ‘नीनाड, नीनाड’ ओरडतात. चार वर्षांपूर्वी बोट सोडून इथे आलो तेव्हा दुकानात मला कुणी सुट्टे सुद्धा हातात देत नव्हतं, काउंटरवर ठेवायचे. आता ओड्वार म्हणतो, आमच्या टीमला परदेशी खेळाडू परवडत नाही, पण परदेशी बर्फ आहे.

मार्चच्या अखेरीपर्यंत थांब. पात्रता झाली की मी स्वतः पालिकेत जाऊन सांगतो. वरच्या लीगमध्ये गेलो तर नवा प्लांट द्यावाच लागेल. आत्ता सांगितलं तर हॉल गेला, क्लब गेला, आणि माझा इथे राहायचा परवाना या नोकरीवर आहे, तोही गेला. आईला काही बोलू नकोस. ती फेब्रुवारीत मावशीला घेऊन काशीला जाणार आहे, तिला सुखानं जाऊ दे.

माया आहेच, रागासकट.

तुझा,
निनाददादा

~

डँडेनॉन्ग
३१ जानेवारी २००९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बुधवारी त्रेचाळीस अंश होते, गुरुवारी चव्वेचाळीस, काल पंचेचाळीस. रूळ वाकले म्हणून ट्रेन बंद होत्या. मी फॉस्टर स्ट्रीटवरून चालत घरी आले. दुकानांची शटर अर्धी खाली होती आणि मिठाईवाल्याने काचेच्या कपाटावर ओले टॉवेल टाकले होते. अंजूने घरातल्या चौघींच्या उशा फ्रीझरमध्ये घातल्या आणि मग मटार कुठे ठेवायचे यावरून भांडण झाले.

हे हवामान तुला करमणुकीसाठी सांगत नाही. गुरुवारी दुपारी आमच्या कोल्ड स्टोअरच्या प्लांटवर भार जास्त झाला आणि एका व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, अमोनिया सुटला. फार नाही. नंतरच्या हिशेबाने सहाशे ग्रॅमच्या आसपास. अलार्म वाजला आणि सगळे बाहेर उन्हात उभे राहिले. उल्हास सावे म्हणून आमचा शिफ्ट इंजिनियर आहे, वसईचा. तो व्हॉल्व्ह बंद करायला मास्क लावूनच आत गेला. मास्क एका बाजूने नीट बसला नव्हता. त्याचा डावा डोळा वाचेल की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी त्याच्या बायकोला फोन केला. तिने विचारले की किती गळला होता. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, एवढाच?

तुझे नव्वद किलो ऑक्टोबरपर्यंतचे होते. त्यानंतर किती भरलास ते तू लिहिले नाहीस.

सोबत पीएचच्या वीस पट्ट्या आहेत. मीटर लागत नाही. टाकीत बुडव, रंग बघ, डबीवरच्या रंगाशी जुळव. तीस सेकंदांचे काम आहे. वीस फेब्रुवारीपर्यंत तू स्वतः पालिकेला सांगितले नाहीस तर मी सांगेन. ही धमकी नाही. पुढे काय होईल ते तुला आधी माहीत असावे, एवढेच.

आईला सांगितलेले नाही.

कळावे. बाकी नंतर.

तुझी,
चारुता

~

क्वेर्नडाल
१२ फेब्रुवारी २००९

चि. चारूस,
आशीर्वाद.

इथल्या टीव्हीवर तुमच्याकडचे वणवे दाखवतायत. गावंच्या गावं गेली म्हणे. तू फोनवर आईला सांगितलंस की आपल्याकडून लांब आहे. खरंच लांब आहे ना? किलोमीटर कळव.

उल्हासच्या डोळ्याचं वाचलं. मग पट्टी बुडवली. डबीवर दहा आणि अकराचे जे रंग आहेत त्यांच्या मधला आला. दुसरी बुडवली, तोच. तिसरी बुडवली नाही.

जानेवारीत आणखी एक सिलिंडर भरलाय.

पण ऐक. काल साखळीतला शेवटचा घरचा सामना झाला. आम्ही दुसरे आलो. शिट्टी वाजल्यावर कुणी बाकांवरून उठेना. ओड्वार कपाटातून एकोणऐंशी सालचा क्लबचा फोटो घेऊन आला आणि त्यात तो कोण हे सगळ्यांना दाखवत होता. गणिताचा मास्तर हेल्मेट न काढताच रडला. सात मार्चला पात्रता सुरू, अठ्ठावीसला संपते. चव्वेचाळीस दिवस राहिले. मुलींचा सराव मी सकाळच्या वेळात ढकललाय, तेव्हा कॉम्प्रेसर अर्ध्यावर असतो. मास्क आणलाय आणि तो नीट बसतो, आरशात बघितलं.

तू माझी धाकटी बहीण आहेस. तुला पहिल्यांदा सोल्डरिंग शिकवताना तुझा अंगठा भाजला, तेव्हा मी घरी सांगितलं होतं की चूक माझी. त्या बदल्यात म्हणून नाही, पण मागतो. चव्वेचाळीस दिवस.

तुझा,
निनाददादा

~

डँडेनॉन्ग
२२ फेब्रुवारी २००९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वणवे आमच्या घरापासून जवळात जवळ चाळीस किलोमीटरवर होते. दोन दिवस आकाश तपकिरी होते. आम्ही ठीक आहोत.

वीस तारखेला मी तुला तीन वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. काल मी क्लबच्या पत्त्यावर ओड्वार यांना ईमेल केला आणि प्रत पालिकेच्या तांत्रिक विभागाला पाठवली. तुझ्याकडून किंवा त्यांच्याकडून आधी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे म्हणून हे लिहिते, जरी पत्र पोचेपर्यंत सगळे झालेले असेल.

मजकूर दहा ओळींचा आहे. किती अमोनिया भरला, कधी भरला, पट्टीवर पीएच किती आला, त्याचा अर्थ काय. त्यात एक वाक्य असे आहे की सप्टेंबरपासूनचा पीएचचा रकाना मोजून भरलेला नाही. ते वाक्य मी चार वेळा काढले आणि चार वेळा परत घातले. ते नसते तर त्यांनी शीट उघडून ८.२ पाहिला असता आणि मला एक घाबरट विद्यार्थिनी समजून प्लांट चालू ठेवला असता. तुझ्या नावावर डाग न आणता प्लांट बंद करण्याची रीत मी शोधली. सापडली नाही.

अंगठ्याचे मला आठवते. चूक माझी होती.

उल्हासचा डोळा गेला.

लोभाबद्दल या वेळी काही लिहीत नाही, म्हणजे तुला उत्तरात खोटे लिहावे लागणार नाही.

तुझी,
चारुता

~

क्वेर्नडाल
२९ मार्च २००९

चि. चारूस,
आशीर्वाद.

तुझा ईमेल त्यांनी सोमवारी सकाळी वाचला. अकरा वाजता प्लांट बंद केला. बंद मीच केला, कारण किल्ली माझ्याकडे होती.

चिलर उघडला तेव्हा अकरा नळ्या भोकं पडलेल्या निघाल्या आणि आणखी तीसेक कागदासारख्या पातळ. तपासनिसाला मी विचारलं, किती दिवस टिकल्या असत्या. तो म्हणाला, वर्षभर टिकल्या असत्या, नाहीतर त्याच दुपारी गेल्या असत्या. तुला आकडा आवडतो म्हणून लिहितो. आकडा नाही.

पात्रतेचे घरचे सामने दोन तासांवरच्या दुसऱ्या गावात खेळलो. आपली म्हणावी अशी नव्वद माणसं आली. सगळे हरलो. शेवटच्यात गणिताच्या मास्तरनं नऊ गोल खाल्ले. शेवटच्या सामन्याआधीच, मंगळवारी, क्लबची सभा झाली. पुढच्या मोसमात मोठ्यांचा संघ नाही. मुलींना दुसऱ्या गावचा क्लब आठवड्यातून एकदा बर्फ देतोय.

माझ्यावर कुणी ओरडलं नाही. तू म्हणशील बरं झालं. बेकरीवाला अजून ब्रेड देतो, फक्त पिशवी कोरी असते. ओड्वार माझ्या घरी आला, कॉफी घेतली, लॉगशीटची फाइल टेबलावर ठेवली आणि पेन्सिल दिली. म्हणाला, निनाद, यातली खरी मोजलेली रीडिंग जेवढी आहेत तेवढ्यांवर खूण कर, मला पालिकेला द्यायचंय. पीएच सोडून बाकी सगळी खरी आहेत असं मी म्हणणार होतो. पहिल्या पानावर बारा खुणा केल्या. मग करंटच्या रकान्यापाशी आलो आणि लक्षात आलं की थंडीच्या दिवसांत मी कधी मीटरपाशी जाऊन बघायचो, कधी खुर्चीतूनच लिहायचो. कोणतं कधीचं, आता मलाच सांगता येत नाही. त्यानं फाइल उचलली. मग पेन्सिल खिशात ठेवून गेला.

फरशीखालचं पाणी काढायचं म्हणून वरचा बर्फ वितळवला. पालिकेनं दोन मोठे हीटर आणून लावले. त्या दिवसांची शीट सोबत पाठवतोय, तुझ्या अभ्यासाला शेवटचं पान म्हणून. यातलं प्रत्येक रीडिंग मी मीटरसमोर उभं राहून घेतलंय. बर्फाची जाडी चार ठिकाणी खिळा घालून मोजली.

परवाना जूनअखेरपर्यंत आहे. आईला सांगितलं की हॉल जुना होता.

निनाद

~

डँडेनॉन्ग
१३ एप्रिल २००९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. त्यातले पहिले तीन परिच्छेद मी पुन्हा वाचले.

अंजूच्या कॉलेजच्या दाराला गेल्या सोमवारी कुलूप होते. आत खुर्च्या आणि आरसे दिसतात, माणसे नाहीत. फी गेली, व्हिसाचे काय होणार ते कुणी सांगत नाही. ती रोज सकाळी तरीही तयार होते आणि बसस्टॉपपर्यंत जाऊन परत येते.

तुझ्यासाठी एक गोष्ट आहे. उल्हासची जागा रिकामी आहे. प्लांट समजणारा माणूस त्यांना मिळत नाही, आणि ते व्हिसासाठी प्रायोजक व्हायला तयार आहेत. मॅनेजरने मला विचारले की कुणी ओळखीचे आहे का. मी तुझे नाव सांगणार होते. सांगताना मला लेखी द्यावे लागेल की हा माणूस रीडिंग नीट घेतो.

म्हणून मी शेवटची शीट तपासली.

चार सेंटिमीटर जाडी, अठराशे चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहासष्ट टन बर्फ. हीटरची क्षमता आणि हॉलचे तापमान तूच लिहिले आहेस. बर्फ वितळत असतो तोवर सेन्सर शून्यावर राहतो, सगळा वितळला की वर चढतो. माझ्या हिशेबाने तो शून्यावर साठ तासांच्या आसपास राहायला हवा. पाच-सहा तास इकडे तिकडे मी समजू शकते. तुझ्या शीटवर तो एकोणतीस तासांनी शून्य सोडतो. निम्म्याहून कमी. मी तीनदा केले, सरांनाही दाखवले. सर म्हणाले, कुणीतरी घरी बसून लिहिलेले दिसते.

दादा, तुला थकवा आला असेल, तू गेला नसशील, आणि नंतर अंदाजाने भरले असशील. तसे असेल तर तसे लिही. मी ओरडणार नाही. पण मला खरे कळल्याशिवाय मी त्या कागदावर सही करू शकत नाही.

वाट पाहते.

तुझी,
चारुता

~

क्वेर्नडाल
२७ एप्रिल २००९

चि. चारुतास,

रीडिंग खरी आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता लोक आले. मी कुणाला बोलावलं नव्हतं. इथे एक पद्धत आहे, गावाचं काम असलं की पैसे न घेता सगळ्यांनी हात लावायचा, त्याला ‘दुग्नाद’ म्हणतात. घरून बर्फ ओढायची फावडी आणि ढकलगाड्या घेऊन आले. ओड्वार, प्लंबर, गणिताचा मास्तर, बेकरीवाला, त्या मुली आणि त्यांच्या आया. साधारण दोनशे जण असतील, मोजले नाहीत. अर्धवट सुटलेला बर्फ त्यांनी तोडला आणि मशीनच्या गेटमधून बाहेर ढकलून पार्किंगमध्ये ढीग घातला. ज्या बर्फावर मैदानाच्या मधली तांबडी रेघ होती तो तुकडा कुणी तोडेना, शेवटी ओड्वारनं तोडला. चार वाजेपर्यंत निम्म्याच्या वर बर्फ बाहेर होता. सेन्सर गेटपाशी आहे. तिथली फरशी सगळ्यात आधी उघडी पडली. म्हणून एकोणतीस.

मी दर तासाला फावडं ठेवून मीटरपाशी जात होतो आणि आकडा लिहून परत येत होतो. लोक बघत होते.

हे शीटवर लिहायला रकाना नव्हता.

माझं नाव सुचवू नकोस. जूनमध्ये बर्गनहून एक बोट मिळाली आहे, मासे वाहणारी, इंजिनवर तिसरा माणूस म्हणून. आईला मी सांगेन.

आणि तुला अजून पटत नसेल तर ओड्वारला विचार. त्याचा पत्ता तुझ्याकडे आहे.

निनाद